डब्यात सापडलेली 'नॉट वन सेंट' टोकनं: खरी का, किती येतील आणि पुढे काय करायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील सत्तरच्या दशकात अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडला नोकरीला होते, परत येताना बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जुनी चिल्लर घेऊन आले, आता पुण्यातलं घर आवरताना तो डबा निघाला आणि त्यात २३ तांब्याची नाणी अशी आहेत की त्यांच्यावर १८६३ साल आहे, काहींवर 'नॉट वन सेंट' आहे आणि दोन-तीनवर तर चक्क कुठल्यातरी किराणावाल्याचं नाव. ही खरी का, किती येतील, विकू का पुढे गोळा करू, असे तुमचे तीन प्रश्न. मी ओहायोत २२ वर्षं राहतोय आणि त्यातली १८ वर्षं नेमका हाच उद्योग करतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, ती नाणी नाहीतच. पण खोटीही नाहीत. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना बाजारातली चिल्लर गायब झाली, तेव्हा दुकानदारांनी स्वतःच्या पैशाने पाडून घेतलेली ही टोकनं आहेत. आपल्याकडे सुट्टे नसले की दुकानदार काय करतो? दोन रुपयांऐवजी हातावर चॉकलेट टेकवतो. घ्यायचं नसतं पण घेतो आपण. तसंच समजा, फक्त इथे चॉकलेटवर दुकानदाराने स्वतःचं नाव-पत्ता छापलाय आणि पुढच्या वेळी तेच चॉकलेट पैसे म्हणून परत घ्यायला तो तयार आहे.

चिल्लर गायब का झाली हे नीट समजून घ्या, कारण त्याशिवाय त्या टोकनांवर जे लिहिलंय ते कळत नाही. १८६१ च्या डिसेंबर अखेरीस बँकांनी कागदी नोटेच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. फेब्रुवारी १८६२ मध्ये सरकारने हिरव्या पाठीच्या नोटा काढल्या, ज्यांच्यामागे सोनं-चांदी काही नव्हतं, फक्त सरकारचा शब्द होता. युद्ध कोण जिंकणार ते कुणालाच ठाऊक नाही. मग लोकांनी काय केलं, सोनं आधी दाबलं, मग १८६२ च्या उन्हाळ्यापर्यंत चांदीची नाणी गेली, आणि त्यानंतर साधा एक सेंटसुद्धा दिसेना. त्या वेळचा सेंट तांबं आणि निकेलचा, ८८ आणि १२ टक्के, दिसायला पांढुरका, तेवढीसुद्धा धातूची किंमत लोकांना सोडवेना. आता विचार करा, बिअरचा पेला, पाव, दाढी, घोड्यांच्या ट्रामचं तिकीट, सगळं चार-पाच सेंटचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात एक डॉलरची नोट. मोड कुठून द्यायची?

आधी लोकांनी पोस्टाची तिकिटं वापरली. जुलै १८६२ मध्ये सरकारनेही त्याला परवानगी दिली. पण तिकिटाला मागून डिंक, खिशात घाम, दोन दिवसांत लगदा. मग जॉन गॉल्ट नावाच्या माणसाने शक्कल काढली, तिकीट पितळेच्या गोल डबीत बसवायचं आणि वरून अभ्रकाचा पातळ पापुद्रा लावायचा, म्हणजे तिकीट दिसतंही आणि टिकतंही. १२ ऑगस्ट १८६२ चं त्याचं पेटंट आहे. पितळी पाठीवर जाहिरातीला जागा मोकळीच होती, ती त्याने औषधवाल्यांना नि कापडवाल्यांना विकली. फार देखण्या वस्तू आहेत, आणि महागही. तुमच्या डब्यात असलं काही असेल तर अभ्रकावर नख लावू नका.

तांब्याची टोकनं त्याच सुमाराला सुरू झाली, मुख्यतः ओहायोतल्याच सिनसिनाटी शहराकडून, आणि १८६३ मध्ये तर नुसता पूर आला. म्हणून तुमच्याकडच्या बहुतेकांवर १८६३ च दिसणार. आकार मुद्दाम सेंटएवढाच, साधारण १९ मिलिमीटर. दुकानदाराला फायदा दुहेरी, एक तर मोड मिळते आणि दुसरं म्हणजे टोकन पाडून घ्यायला सेंटपेक्षा कमी खर्च येतो, वरचा नफा त्याचा. शिवाय जाहिरात फुकट. मारवाडी डोकं म्हणतो ना आपण, पण हे बहुतेक जर्मन होते, सिनसिनाटीतला ओव्हर-द-राइन हा भाग तेव्हा जर्मन लोकांनी गजबजलेला, आणि टोकनांवरची नावं वाचलीत तर ते लगेच लक्षात येतं.

आता 'नॉट वन सेंट'. हे टोकन हातात घ्या, खिडकीपाशी जा आणि भिंगातून बघा. 'वन सेंट' ही अक्षरं ठसठशीत, मधोमध, अगदी सरकारी सेंटवर असतात तशी, भोवती पानांची माळ. आणि त्यावर 'नॉट', मुंगीएवढं. दुकानात घाईत पैसे मोजणाऱ्याला ते दिसतच नाही. म्हणजे बघा, गिऱ्हाइकाला वाटावं सेंट आहे, आणि सरकारने विचारलं तर म्हणायला मोकळे की साहेब आम्ही कुठे म्हटलं सेंट आहे, उलट नाही असं स्पष्ट लिहिलंय. मला अख्ख्या या छंदात सगळ्यात जास्त हसवलेली गोष्ट ही आहे, इतका सरळ चेहऱ्याने केलेला बेरकीपणा दुसरीकडे बघितला नाही. काहींनी उलट 'आय ओ यू वन सेंट' असं लिहिलं, म्हणजे मी तुमचा एक सेंट देणं लागतो. पण हा मी कोण, त्याचं नाव-गाव काहीच नाही त्यावर!

तुमच्या २३ चे ढोबळमानाने दोन ढीग करा. ज्यांवर दुकानाचं नाव-पत्ता नाही, नुसता झेंडा, तोफ, गरुड, 'आर्मी अँड नेव्ही', 'युनियन फॉर एव्हर' असलं काही आहे ती देशभक्तीची टोकनं, पेट्रिऑटिक म्हणतात. ज्यांवर नाव आणि धंदा आहे ती दुकानदारांची, स्टोअर कार्ड. तिसरा एक प्रकार असतो, सैन्याबरोबर छावणीत दुकान लावणाऱ्यांचा, त्यांना सटलर म्हणायचे, त्यांची टोकनं ५, १०, २५, ५० सेंटची असतात आणि सैनिकाच्या पगारातून वळती व्हायची. ती महाग असतात त्यामुळे तिथे नकलाही जास्त. घरच्या डब्यात सटलर निघण्याची शक्यता कमी, निघालं तर आधी संशय घ्या, आनंद नंतर.

पेट्रिऑटिकमध्ये गमतीजमती पुष्कळ आहेत. जॉन डिक्स नावाच्या अर्थमंत्र्याने जानेवारी १८६१ मध्ये तार केली होती की जो कोणी अमेरिकन झेंडा खाली ओढायचा प्रयत्न करेल त्याला जागच्या जागी गोळी घाला. ते वाक्य टोकनवर आलं, आणि ठसा कोरणाऱ्याने एका ठशावर 'स्पॉट' ऐवजी 'स्पूट' कोरलं, एक 'ओ' जास्त. तसंच हजारोंनी छापलं गेलं. तुमच्या ढिगात झेंड्याचं टोकन असेल तर शेवटचा शब्द वाचाच. आणखी एक आहे ज्यावर लिहिलंय की ठेकेदारांना लाखो आणि विधवांना एक सेंटही नाही. १६० वर्षांपूर्वीचं आहे हे, कालच्या पेपरातलं नाही.

आता लिंडेनम्यूलरची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यूयॉर्कमध्ये बॉवरी भागात हा बिअरचा गुत्ता चालवायचा. त्याने स्वतःच्या नावाची टोकनं काढली, दहा लाखांच्या वर होती असं मानतात. शहरभर फिरली. थर्ड अॅव्हेन्यूवरच्या घोड्यांच्या ट्राम कंपनीने ती भाडं म्हणून बिनदिक्कत घेतली, ढीग साठला, आणि मग कंपनी त्याच्याकडे गेली की बाबा हे घे आणि खरे पैसे दे. तर सांगतात की तो हसला आणि नाही म्हणाला. कायद्याने काही करता येईना, कारण टोकन म्हणजे काही वचनचिठ्ठी नव्हे. असल्या प्रकारांमुळे सरकारला जाग आली असं म्हणतात. २२ एप्रिल १८६४ च्या कायद्याने सरकारने सेंट हलका, ब्राँझचा केला, जो दाबून ठेवण्यात कुणाला रस नव्हता, आणि त्याच कायद्याने खाजगी एक-दोन सेंटची टोकनं बंद. ८ जून १८६४ ला सगळ्याच खाजगी नाण्यांवर बंदी आली. म्हणजे हा सगळा खेळ जेमतेम दोन वर्षांचा! तेवढ्यात साधारण अडीच कोटी किंवा त्याहून जास्त टोकनं पडली असा अंदाज आहे आणि जाती दहा हजारांच्या आसपास.

या दहा हजारांना नंबर दिलेत. जॉर्ज आणि मेल्विन फुल्ड या मुलगा-बाप जोडीने ती यादी केली, म्हणून फुल्ड नंबर म्हणतात. पेट्रिऑटिकला पुढच्या ठशाचा आणि मागच्या ठशाचा असे दोन आकडे, मध्ये तिरकी रेघ, आणि शेवटी धातूचं अक्षर, ए म्हणजे तांबं, बी पितळ, डी तांबं-निकेल, एफ चांदी. स्टोअर कार्डला राज्य, मग गावाचा आकडा, मग दुकानदाराचं अक्षर. ओएच १६५ म्हणजे ओहायोतलं सिनसिनाटी, एमआय २२५ म्हणजे मिशिगनमधलं डेट्रॉइट. सुरुवातीला हे पिनकोडसारखं वाटतं, महिन्याभरात तोंडपाठ होतं. दुर्मिळपणाची मोजपट्टी आर-१ ते आर-१०, आर-१ म्हणजे पाच हजारांच्या वर शिल्लक, आर-१० म्हणजे जगात एकच. पण एक सांगतो, आर-७ किंवा आर-८ वाचून हुरळून जाऊ नका. दुर्मिळ असणं आणि कुणाला हवं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या छंदात गिऱ्हाईकच मोजके आहेत, जगात बारा शिल्लक असलेलं टोकन शंभर-दीडशे डॉलरलाही मिळून जातं कधीकधी, नाण्यांच्या दुनियेत हे अशक्य आहे.

आणि त्यात मेख अशी की बरीच दुर्मिळ टोकनं मुळात चलनात कधी आलीच नव्हती. तेव्हासुद्धा गोळा करणारे होते, ठसेवाल्याकडे जाऊन म्हणायचे याच ठशातून मला एक पितळेत पाड, एक चांदीत पाड, याची पुढची बाजू त्याच्या मागच्या बाजूला जोड. चांदीची काही तर खऱ्या चांदीच्या डाइमवरच, म्हणजे दहा सेंटच्या नाण्यावरच, ठसा मारून केलेली आहेत, नीट बघितलं तर खालच्या डाइमच्या खुणा दिसतात. देखणी असतात, पण मला स्वतःला त्यांच्यात जीव वाटत नाही. माझं मत आहे हं, लोक भांडतात यावर. मला ते झिजलेलं, कडेला ठोका लागलेलं तांब्याचं टोकनच आवडतं, जे खरंच कुणीतरी पावाच्या बदल्यात दिलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साफ करू नका. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की 'थोडी घासून घेतली की अक्षरं दिसतील', ते वाचून माझ्या पोटात गोळाच आला. माझी स्वतःची कथा सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका जुन्या सामानाच्या दुकानातून अकरा टोकनं एकदम घेतली, त्यात सिनसिनाटीच्या एका टोपीवाल्याचं होतं, सुंदर चॉकलेटी रंगाचं, कडांना किंचित मूळचा लालसरपणा शिल्लक. टेबलावर ठेवून मी ऑफिसला गेलो. आई तेव्हा आमच्याकडे आली होती. तिला बिचारीला वाटलं की पोराने पूजेसाठी काहीतरी तांब्याचं आणलंय नि ते काळं पडलंय, तिने चिंच-मीठ लावून अकराच्या अकरा लखलखीत केली, वर स्टीलच्या वाटीत पाणी घालून ठेवली. संध्याकाळी मी घरी आलो तर गुलाबी गुलाबी चमकतायत, देवघरातल्या पळी-भांड्यासारखी. काय बोलणार आईला? म्हटलं छान झाली. त्यातलं टोपीवाल्याचं टोकन अजून माझ्याकडे आहे, विकायला गेलो तर कुणी पाव किंमतही देणार नाही. तांब्यावरचा तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, दीडशे वर्षांत तयार झालेली कातडी आहे, ती एकदा गेली की परत येत नाही, आणि जाणकार माणूस हातभर अंतरावरून ओळखतो.

फार तर शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून काढा, म्हणजे चिकटपणा नि तेलकटपणा जातो, तांब्याला काही होत नाही. खिडक्या उघडून करा, गॅस बंद ठेवून. नेलपेंट काढायचं जे मिळतं ते नको, त्यात वास आणि तेल घातलेलं असतं. चिमटा धातूचा नको. पकडायचं तर कडेने. आणि मऊ, लवचिक प्लास्टिकच्या पाकिटात घालू नका, त्यातल्या पीव्हीसीमुळे तांब्यावर हिरवा चिकट थर येतो, पुण्याच्या पावसाळ्यात तर लवकरच. मायलरच्या, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या कडक प्लास्टिकच्या, फ्लिपमध्ये (नाणी ठेवायच्या पाकिटात) ठेवा, सिलिका जेलची पुडी टाका.

खऱ्या-खोट्याचं म्हणाल तर साध्या टोकनांच्या नकला करण्यात कुणाला पैसे सुटत नाहीत, त्यामुळे तुमची बहुतेक खरीच असणार. तरी बघा, कडेवर मधोमध शिवण दिसते का, पृष्ठभागावर बारीक खड्डे, बुडबुड्यासारखे, आहेत का, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत आहेत का. असं असेल तर ओतीव आहे. खरं टोकन ठशाने मारलेलं असतं, अक्षर भोवतालच्या सपाट भागातून काटकोनात उठतं. वजनावर मात्र फार भिस्त ठेवू नका, ठसेवाले पत्रा मिळेल तसा वापरायचे, जाडी कमी-जास्त असतेच. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार नकलेवर 'कॉपी' असं छापावं लागतं, पण काही महाभाग ते घासून काढतात, म्हणून एखाद्या जागी विनाकारण खोलगट घासलेलं दिसलं तर संशय घ्या. ठसा थोडा तिरका बसलाय, पुढची बाजू सरळ धरली तर मागची वाकडी येते, अक्षरांमधून भेगेसारखी उंच रेघ गेलीय, हे सगळं चालतं. ती ठशाला पडलेली चीर आहे, उलट त्यावरून कुठलं आधी पडलं कुठलं नंतर ते कळतं.

किंमत. झिजलेली साधी पेट्रिऑटिक इथल्या प्रदर्शनात १५-२० डॉलरला मिळतात, स्टोअर कार्ड थोडी जास्त, न्यूयॉर्क नि सिनसिनाटीची त्यातल्या त्यात स्वस्त कारण पुष्कळ आहेत. एखाद्या बारक्या गावातल्या एकमेव दुकानदाराचं असेल तर आकडा शेकड्यात जातो, कारण त्या गावाचा संच पूर्ण करायला सगळ्यांना तेच एक हवं असतं. म्हणजे तुमच्या २३ मधून फ्लॅट येणार नाही. पुण्या-मुंबईत विकायला गेलात तर भंगाराच्या भावात मागतील, त्यांचा दोष नाही, त्यांना गिऱ्हाईकच नाही याचं.

तुम्ही विचारलंय म्हणून माझा सल्ला, विकू नका, आणि 'सगळं' गोळा करायलाही जाऊ नका. एक गाव धरा. मी सुरुवातीची तीन वर्षं जे स्वस्त दिसेल ते घेत सुटलो आणि शेवटी माझ्याकडे नुसती एक पिशवी होती. मग मी दक्षिण ओहायोतली गावं धरली. टोकनवरचं नाव घ्यायचं, १८६० च्या जनगणनेत शोधायचं, शहराची जुनी डिरेक्टरी स्कॅन केलेली असते त्यात पत्ता बघायचा. एका किराणावाल्याचं असंच शोधलं, टोकनवर रस्त्यांची नावं होती, या आणि त्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, जनगणनेत बायको नि पाच मुलं, जन्म जर्मनीतला. शनिवारी गाडी काढून तिथे गेलो. कोपऱ्यावर आता पार्किंग आहे, तिकिटाचं मशीन आहे, आणि तुम्हाला खरं वाटणार नाही पण त्या मशीनवर चिठ्ठी लावलेली होती की सुट्टे मिळणार नाहीत. खिशात त्याचं टोकन घेऊन मी तिथे पाच मिनिटं वेड्यासारखा हसत उभा होतो. तुम्हाला क्लीव्हलँडचा धागा आयताच मिळालाय, वडील ज्या भागात राहायचे तिथल्या एखाद्या दुकानदाराचं निघालं तर काय घ्या!

आणि परदेशातलंच का, असं वाटत असेल तर आपल्याकडेही हे घडलंय. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात चिल्लरीची इतकी बोंब झाली की गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं सरकारने १९४० मध्येच गुन्हा ठरवलं होतं, एक रुपयाची नोट परत आणली, आणि १९४३ मध्ये तांबं वाचवायला तो भोकाचा पैसा काढला जो आपल्या आज्या करगोट्यात ओवायच्या. काठियावाडच्या राजकोट, मोरवीसारख्या संस्थानांनी तर पुठ्ठ्याची रोख कुपनं काढली, ती अजून बाजारात दिसतात. माझे आजोबा साताऱ्याच्या एका पेढीवर होते, ते सांगायचे की पानवाला उरलेल्या पैशाची चिठ्ठी लिहून द्यायचा. तसली एखादी चिठ्ठी मी गेली कितीतरी वर्षं शोधतोय, कुणी जपूनच ठेवली नाही, कागद तो, विस्तवात गेला असणार.

आता काम सांगतो. २३ च्या २३ चे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, फ्लॅश नको, सकाळच्या तिरप्या उन्हात पांढऱ्या कागदावर, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. किराणावाल्याचं जे आहे त्याचा फोटो आधी पाठवा, गावाचं नाव अर्धवट दिसतंय म्हणालात ना, ते तिरप्या उजेडात टोकन हळूहळू फिरवलं की वाचता येतं. आणि तो पत्र्याचा डबा आतून गंजलेला असेल तर टोकनं आजच बाहेर काढा.